विश्लेषण : एका विजयाने हुकलेल्या पेसर्सकडून नव्या मोसमात काय अपेक्षा ठेवायची?

एनबीए विजेतेपदापासून इंडियाना पेसर्स फक्त एक सामना दूर राहिले. २२ जून २०२५ रोजी सातव्या, निर्णायक सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरने त्यांना १०३-९१ असे हरवले. त्याहून मोठा धक्का पहिल्याच क्वार्टरमध्ये बसला होता. टायरिस हॅलिबर्टनचा टाचेमागचा अकिलीस टेंडन फाटला. २०२५-२६चा संपूर्ण मोसम तो खेळणार नाही.

अंतिम फेरी नशिबाने मिळाली का?

नाही. अंतिम फेरीचा पहिला सामना हॅलिबर्टनने ०.३ सेकंद शिल्लक असताना जिंकून दिला, तेव्हा अनेकांना तसे वाटले असेल. पण आकडे वेगळे सांगतात. पहिल्या २५ सामन्यांत १० विजय मिळवणाऱ्या या संघाने उरलेल्या ५७ पैकी ४० सामने जिंकले. प्लेऑफमध्ये मिल्वॉकीला ४-१, साखळीत ६४ विजय मिळवणाऱ्या क्लीव्हलँडला ४-१ आणि न्यूयॉर्कला ४-२ असे हरवले. इतके महिने टिकते ते नशीब नसते.

यशाचे गणित काय होते?

वेग आणि पास. साखळीत हॅलिबर्टनची सरासरी सामन्यामागे ९.२ असिस्टची होती. सेंटर माइल्स टर्नर लांबून तीन गुणांचे फटके मारायचा. त्याला रोखायला प्रतिस्पर्ध्यांचा उंच खेळाडू बाहेर यायचा आणि बास्केटजवळची जागा मोकळी व्हायची.

आता काय बदलले?

हे दोन्ही खेळाडू नाहीत. टर्नर मिल्वॉकीकडे गेला. ऑक्टोबर २०१९मध्ये पेसर्स मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले, तेव्हाही तो या संघात होता. दहा मोसमांची ही जागा मेम्फिसकडून आलेल्या जे हफने लगेच भरून काढावी, ही अपेक्षा रास्त नाही. पास्कल सियाकम, अँड्र्यू नेम्बहार्ड, टी. जे. मॅककॉनेल आणि प्रशिक्षक रिक कार्लाइल मात्र कायम आहेत.

मग हा मोसम वाया जाणार?

पुन्हा अंतिम फेरीची आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. प्ले-इनपर्यंत मजल मारली तरी पुष्कळ. पण केवळ विजय मोजून या वर्षाचा हिशेब मांडू नये. पाहायचे ते एवढेच, की नेम्बहार्ड सूत्रधार म्हणून उभा राहतो का आणि हॅलिबर्टनविना संघाचा वेग टिकतो का. शिवाय २०२६च्या ड्राफ्टमधील स्वतःची पहिल्या फेरीची निवड पेसर्सने न्यू ऑर्लिन्सकडून परत मिळवली आहे. त्यामुळे निकाल वाईट लागला, तरी त्यातून एक चांगला तरुण खेळाडू मिळू शकतो.

व्यवस्थापनाची खरी कसोटी संयमाची आहे. पोटरी दुखावलेली असतानाही हॅलिबर्टन अंतिम फेरीत खेळत राहिला. आता त्याला परतण्याची घाई करू न देणे, हाच या मोसमातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.