ट्रॅक्टरचा ब्रेक : घरी काय करावे आणि कोठे थांबावे

उसाचा गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरमालकांची लगबग सुरू होते. इंजिनाचे ऑईल बदलले जाते, टायर पाहिले जातात, ट्रॉलीला नवा रंग चढतो, फळीवर कुलदैवताचे व मुलाबाळांचे नाव सुबक अक्षरांत लिहून घेतले जाते. ब्रेकची चौकशी मात्र ‘लागतोय की’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते. याचे कारण उघड आहे. इंजिन बिघडले तर काम अडते, म्हणून त्याची काळजी शेतकरी आपण होऊन घेतो. ब्रेक अर्धा निकामी झाला तरी नांगरट चालू राहते. शेतातील चाल ताशी चार-पाच किलोमीटरची. तेथे ढेकळेच चाकांना धरून ठेवतात. तोच ट्रॅक्टर डांबरी सडकेवर ताशी वीस किलोमीटरने धावू लागला म्हणजे हिशेब बदलतो. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते, आणि शेतात झाकलेला दोष नेमका उतारावर उघडा पडतो.

हा दोष ओळखणे शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी मिस्त्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुरुस्तीही काही अंशी घरी होऊ शकते. परंतु गावोगाव जी ‘घरगुती दुरुस्ती’ चालते ती पुष्कळदा दोष घालवीत नाही, तो केवळ दडविते. हा भेद गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

बहुतेक ट्रॅक्टरांना मागील दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक व दोन पेडले असतात. शेतात ताशीच्या टोकाला आखूड वळण घेण्यासाठी एका बाजूचे पेडल दाबण्याची सोय असते, आणि रस्त्यावर दोन्ही पेडले एकत्र जोडण्यासाठी एक कडी दिलेली असते. शेतातून रस्त्यावर येताना ही कडी लावण्यास विसरणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक निष्काळजीपणा होय. भरधाव असता एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूस फेकला जातो, व उंच बांध्याचे ते वाहन उलटण्यास वेळ लागत नाही. कित्येक ट्रॅक्टरांवर ही कडी गंजून जाग्यावर बसलेली किंवा तुटून गेलेली आढळते. ती नवी बसविण्यास लागणारा खर्च फळीवरील अक्षरांच्या रंगाहून अधिक खचित नसतो.

परीक्षेची रीत सोपी आहे. ट्रॉली सोडून ट्रॅक्टर कठीण, सपाट व मोकळ्या जागी न्यावा, कडी लावावी, मंद गतीने चालवून ब्रेक दाबावा व जमिनीवरील टायरांच्या खुणा पाहाव्यात. दोन्ही चाकांनी सारखे धरले तर खुणा सारख्या उमटतात. ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेला तर उजवा ब्रेक धरतो आहे व डावा कच्चा आहे, असे समजावे. पुष्कळजण येथे उलटा तर्क करतात आणि चांगल्या बाजूलाच पाना लावतात. त्यानंतर थोडे अंतर चालवून ब्रेकच्या खोळीजवळ हाताची पाठ न्यावी. ब्रेक न दाबताच एक बाजू तापलेली लागली तर तेथे ब्रेक धरून बसला आहे. चालकाला पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय असेल, तर हा दोष यंत्राचा नसून पायाचा असतो.

पेडल पूर्वीपेक्षा खोल जात असेल तर लायनर झिजल्याचे ते लक्षण आहे. पेडलची मोकळी चाल किती असावी हे प्रत्येक बनावटीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते; अंदाजाने ठरवू नये. दांडीची लांबी कमी-अधिक करणारी नट फिरवून ही चाल जुळविता येते, आणि हे काम घरी करण्यास हरकत नाही. मात्र पुढील चाकांना व जमिनीवर राहणाऱ्या मागील चाकाला दोन्ही अंगांनी लाकडी ठोकळे लावावेत, आणि जॅकने उचललेल्या बाजूखाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून उचललेले चाक हाताने फिरवावे. पेडल सोडले असता ते मोकळे फिरले पाहिजे, दाबले असता धरले पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या जुळविल्यावर पुन्हा मैदानात नेऊन खुणा पाहाव्यात.

दांडी पुन्हापुन्हा आवळीत जाणे ही दुरुस्ती नव्हे. दांडीचे आटे संपत आले याचा अर्थ लायनर संपत आले असाच होतो. पुढे रिव्हेट ड्रमवर घासू लागतात, खरखर ऐकू येते, आणि चार पैशांच्या लायनरसाठी ड्रम खराब होतो.

पेडलची चाल बरोबर असूनही ब्रेक धरीत नसेल तर लायनरवर तेल आले असण्याचा संभव फार. मागील धुऱ्याचे ऑईल सील झिजले की तेल ब्रेकमध्ये उतरते. अशा वेळी लायनर पेट्रोलने धुणे, किंवा जाळावर धरून तेल उडविणे, हे उपाय सर्वत्र दिसतात. त्यांनी एक-दोन दिवस बरे वाटते. परंतु लायनरच्या अंगात मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते, आणि सील तसेच राहिल्याने नवे तेल येतच असते. सील व दोन्ही बाजूंचे लायनर बदलणे एवढाच यावर उपाय आहे, व तो जाणत्या मिस्त्रीकडून करावा. खोळ उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांना अपाय करते. ओल्या फडक्याने पुसून घेणे बरे.

तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी. चिखलणीचे पाणी व चिखल यांपासून ते सुरक्षित राहतात व दीर्घकाळ टिकतात. पण ते घरी उघडण्याचे काम नव्हे. तेथे मालकाचे काम एवढेच, की कंपनीने सांगितलेले तेलच घालावे. जीप किंवा मोटारीसारखे ब्रेक ऑईलवर चालणारे ब्रेक असतील, तर पेडल स्पंजासारखे मऊ लागणे म्हणजे नळीत हवा शिरणे, आणि दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाणे म्हणजे गळती किंवा आतील रबर झिजणे. ब्रेक ऑईल कमी झाले म्हणून त्यात इंजिनाचे ऑईल कदापि ओतू नये. त्याने रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

हे सर्व केले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या ब्रेकची परीक्षा थंड व तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत घेतली जाते, कारण तापलेला ब्रेक थंड ब्रेकइतका धरीत नाही. दोन टनांच्या आसपास वजनाच्या ट्रॅक्टरामागे दहा टनांहून अधिक ऊस भरलेल्या, स्वतःचा ब्रेक नसलेल्या दोन ट्रॉल्या जोडून तो कोल्हापूर-साताऱ्याकडील उतारांवर सोडला, तर खळ्यातील थंड परीक्षेचा आधार कितीसा पुरणार? ट्रॉल्या मागून रेटतात, ट्रॅक्टर आडवा होतो. ब्रेकसहित ट्रॉली महाग पडते ही तक्रार खरी आहे. तरीही नवी ट्रॉली घेताना ब्रेकचाच पैसा वाचविणे हा काटकसरीचा प्रकार म्हणता येत नाही. तोवर उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करू नये, आणि एक ट्रॉली मागे ठेवून यावी.

बियाणे व खते यांच्या प्रात्यक्षिकांना गावात जागा मिळते, तशी या परीक्षेलाही मिळावी. ऊसतोड सुरू होण्याच्या आठवड्यात गावातील सारे ट्रॅक्टर एका मोकळ्या पटांगणात बोलवावेत व प्रत्येकाच्या टायरांच्या खुणा त्याच्या चालकालाच मोजावयास लावाव्यात. मालक हजर असला तर उत्तम. पण रात्री भरलेली ट्रॉली घेऊन जाणारा चालक तेथे असलाच पाहिजे.