नळीचे टोक जागेवर आहे का?

घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली की अनेकदा दंडातून एक बारीक, लांब नळी घातली जाते. तिला पिक लाइन म्हणतात. शिरेतून ती छातीत उतरते आणि तिचे टोक हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेत थांबते. तिथे रक्त भरपूर आणि वेगाने वाहते, म्हणून तीव्र औषध लगेच पातळ होते आणि शिरेला इजा होत नाही.

एक्स-रे काढून डॉक्टर ‘जागेवर आहे’ म्हणाले की आपण निर्धास्त होतो. पण नळी फक्त दंडावर पक्की केलेली असते. आतले टोक मोकळे असते. हात अंगाशी आणला की ते बहुधा हृदयाकडे सरकते, बाजूला उचलला की मागे येते. झोपलेला रुग्ण उठून बसला की छाती-पोटामधला पडदा खाली उतरतो, सोबत हृदयही उतरते, आणि टोक थोडे वर राहते. एवढी हालचाल डॉक्टरांनी गृहीत धरलेली असते. त्यामुळे भीतीने हात बांधून ठेवू नये. न हलवलेला खांदा आखडतो आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

काळजीचे कारण वेगळे आहे. जोराचा खोकला, वारंवार उलट्या, नळीला बसलेली ओढ किंवा सुटलेली पट्टी यांमुळे टोक भलत्याच शिरेत, कधी मानेकडेही वळू शकते. औषध सोडताना कानात खळखळ ऐकू येणे, मान किंवा हात दुखणे-सुजणे, छातीत धडधडणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी नळीतून काहीही न देता लगेच रुग्णालय गाठावे.

घरच्यांनी एक सवय लावून घ्यावी. नळी बसवली त्या दिवशी ती बाहेर किती सेंटीमीटर दिसते ते विचारून लिहून ठेवावे आणि दर ड्रेसिंगला ताडून पाहावे. बाहेर आलेली नळी स्वतः कधीही आत ढकलू नये. तिच्यासोबत जंतू थेट रक्तात जातात.

आता आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न : वुजू आणि नमाजचे काय? ड्रेसिंग बहुधा कोपराच्या वर असते, त्यामुळे ते कोरडे ठेवून वुजू करता येतो. पट्टी कोपराखाली आली असेल तर तिच्यावर ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत शरीयतने दिली आहे. गुस्लच्या वेळी दंड प्लास्टिकने नीट झाकावा. रुकू-सजद्याची साधी हालचाल सहसा चालते. मात्र त्या हातावर भार देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. त्यांनी मनाई केली तर बसून किंवा इशाऱ्याने नमाज अदा करता येते. भरलेली बादली मात्र त्या हाताने उचलू नये.

दीनने दिलेली सवलत घेणे म्हणजे ईमानची कमजोरी नव्हे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.