घट्ट झालेली अंगठी

उत्तनकडून आमच्या राईवरून भाईंदर स्टेशनास जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या गृहस्थास समोरचे सारे नीट दिसावे, परंतु बाजूने आलेली रिक्षा अंगावर येईतो कळू नये, अशी कल्पना करू. घरची मंडळी त्यास वेंधळा म्हणतात. चष्मा बदलला जातो, पण गुण येत नाही. कारण दोष डोळ्यांत नसतोच! नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तीत गाठ वाढून वरच्या दृष्टितंतूंवर दाब पडला, म्हणजे बहुधा दोन्ही कडांची दृष्टी प्रथम मंदावते.

या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात. तथापि त्यांची सोंगे नाना परींची. अंगठी निघेना, चपलेचे माप वाढले, जबडा पुढे आला, हे इतके सावकाश घडते की नित्य पाहणाऱ्यास उमगत नाही. जुने छायाचित्रच काय ती साक्ष देते. या विकारास पिअर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ साली 'ॲक्रोमेगाली' हे नाव दिले.

विवाहितेची पाळी थांबावी व गर्भ नसता स्तनांत दूध यावे, याची कारणे अनेक. अशी गाठ हे त्यांपैकी एक. पण आमच्या सुशिक्षित घरांतूनही डॉक्टरआधी पत्रिका पुढे येते आणि बोल सुनेला लागतो, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. वास्तविक ही गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. इतर पुष्कळशा नाकावाटे शस्त्रक्रियेने काढतात.

कधी गाठीत अकस्मात रक्तस्राव होतो, आणि असह्य डोकेदुखी, ओकारी व अंधुक दृष्टी हेच तिचे पहिले दर्शन ठरते. तेव्हा पित्त समजून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.