‘मूळ’ गायकाचा व्यामोह

सप्टेंबर 2024 मध्ये रिओ दी जानेरो येथील ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात ‘जर्नी’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्याची चित्रफीत जगभर फिरली आणि गायक आर्नेल पिनेडा यांच्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला. व्यथित झालेल्या पिनेडांनी मग चाहत्यांपुढे एक जाहीर प्रस्ताव ठेवला : ‘जा’ म्हणणारे दहा लाख लोक निघाले, तर मी हा वृंद कायमचा सोडीन. तेव्हा त्यांचे वय 57 होते आणि वृंदात येऊन त्यांना जवळजवळ सतरा वर्षे झाली होती. इतका दीर्घ काळ ‘जर्नी’साठी दुसरा कोणीही गायलेला नाही. अशा कलावंताला आपल्या जागेसाठी कौल मागावा लागतो, या घटनेकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आम्हांला वाटते. कारण त्यामागची ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ ही परिभाषा आपण वर्गात रोज वापरतो, आणि ती तपासून पाहण्याची तसदी क्वचितच घेतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. त्या रात्री पिनेडांचा स्वर उतरला, असे कोणी म्हटले तर आमची तक्रार नाही. पैसे मोजून वा न मोजता ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणण्याचा अधिकार आहे आणि कलावंताने ते सोसले पाहिजे. आमचे भांडण आहे ते प्रतिक्रियांतल्या दुसऱ्या सुराशी : ‘स्टीव्ह पेरी नाही तर जर्नी नाही’, ‘हा केवळ नकलाकार’, ‘मूळचे ते मूळच’. ही विधाने गाण्याविषयी नाहीत. ती अधिकाराविषयी आहेत, आणि ऐतिहासिक दृष्ट्या ती चुकीची आहेत.

‘जर्नी’ची स्थापना 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. कार्लोस सांताना यांच्या वृंदातून बाहेर पडलेले गिटारवादक नील शॉन आणि गायक-वादक ग्रेग रोली हे तिचे आधारस्तंभ. 1975 ते 1977 या काळातले पहिले तीन संग्रह वाद्यप्रधान, जॅझकडे झुकणारे होते. त्यांत पेरींचा आवाज नाही. पेरी आले 1977 मध्ये आणि त्यांचा पहिला संग्रह ‘इन्फिनिटी’ निघाला 1978 मध्ये. म्हणजे ज्यांना आज ‘मूळ गायक’ म्हटले जाते, ते स्वतःच एका प्रस्थापित वृंदात बाहेरून आलेले, त्याचे वळण बदलून टाकणारे नवागत होते. पुढे 1980 मध्ये रोली गेले आणि त्यांच्या जागी जोनाथन केन आले. 1981 च्या ‘एस्केप’ संग्रहातले ‘डोंट स्टॉप बिलिव्हिन’ हे गीत ज्या शब्दांवर उभे आहे, ते शब्द केन यांना त्यांच्या वडिलांनी पडत्या काळात दिलेल्या धीराचे. गीताचे श्रेय केन, पेरी आणि शॉन या तिघांना आहे, आणि त्यांपैकी दोघे 2024 मध्ये रिओच्या मंचावर उभे होते. तरीही चाहत्यांच्या लेखी मूळ गाणे मंचावर नव्हते! मूळपण कशात असते, याचे उत्तर येथे कर्तृत्वात नाही, कालक्रमातही नाही. ते फक्त ओळखीच्या गळ्यात आहे.

येथे वॉल्टर बेंजामिन यांच्या 1936 मधील प्रसिद्ध निबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉक संगीताच्या चाहत्याने हे प्रतिपादन उलटे करून दाखवले आहे. त्याच्यासाठी तेजोवलय ध्वनिमुद्रिकेभोवती आहे, आणि समोर घाम गाळणारा माणूस ही तिची सदोष प्रत. पेरींचा जन्म 1949 चा. 1981 च्या ध्वनिमुद्रिकेतला आवाज 32 वर्षांच्या तरुणाचा आहे, तोही ध्वनिमुद्रणगृहात निवडून, जुळवून घेतलेला. पिनेडांची तुलना पेरी या माणसाशी होतच नाही. ती होते एका कधीही म्हातारा न होणाऱ्या तबकडीशी. ही स्पर्धा खुद्द पेरींनाही जिंकता आली नसती.

यापुढचा अंतर्विरोध अधिक क्रूर आहे. पेरी 1998 मध्ये कायमचे बाजूला झाल्यावर स्टीव्ह ऑजेरी आले. स्वरयंत्राच्या तक्रारींमुळे 2006 मध्ये त्यांना थांबावे लागले. त्यांच्यामागून आलेले जेफ स्कॉट सोटो वर्षभरात गेले. 2007 मध्ये शॉन यांनी मनिलातल्या एका गायकाच्या चित्रफिती पाहिल्या आणि त्याला बोलावले, ते तो जुन्या गाण्यांच्या फार जवळ जातो म्हणूनच. मनिलातील अमेरिकन दूतावासात व्हिसासाठी गेले असता तेथील अधिकाऱ्याने ‘गाऊन दाखवा’ म्हटले, ही हकीकत पिनेडांनीच सांगितली आहे. दुसऱ्याचे गाणे हेच त्यांचे ओळखपत्र ठरले. 2008 च्या ‘रेव्हिलेशन’ संग्रहात नव्या गीतांच्या जोडीला जुनी गाजलेली गाणी त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घेण्यात आली. थोडक्यात, अनुकृती ही नेमणुकीची अट होती. पेरींसारखे गायले की ‘नक्कल’, वेगळे गायले की ‘हे जर्नी नव्हे’. या पेचातून कोणत्याही गुणवत्तेला सुटका नाही, आणि तो पेच रचणारे श्रोते मात्र स्वतःला रसिक म्हणवून घेतात.

आणि मग कातडीच्या रंगाचा प्रश्न. पिनेडा आले तेव्हा अमेरिकन वृंदाला अमेरिकन गायकच हवा, असे म्हणणारे चाहते होते, आणि याहून हीन भाषा वापरणारेही होते. प्रत्येक नापसंतीमागे वंशद्वेष असतो असे आम्ही म्हणत नाही. ऑजेरींनाही तुलनेचा जाच झालाच. पण ‘अस्सल’ हा शब्द द्वेषाला किती सभ्य वस्त्र पुरवतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘तू आमच्यातला नाहीस’ हे उघड बोलता येत नाही तेथे ‘तू मूळचा नाहीस’ असे म्हणता येते. साहित्यव्यवहारात या शब्दाने काय काय झाकले गेले, हे मराठीच्या अभ्यासकांना वेगळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, नाटकात भूमिका असते, म्हणून नट बदलला तरी चालते. ‘नटसम्राट’मधील बेलवलकर 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भट आणि यशवंत दत्त यांनीही केले. त्यांना तोतये म्हणणे कोणाला सुचणार नाही. परंतु रॉक गायक स्वतःचे अंतरंग गातो, त्याला पर्याय कसा? आक्षेप ऐकायला भारदस्त आहे. मात्र वर पाहिलेच की ज्या गीतावर एवढी श्रद्धा, ते तिघांनी मिळून रचलेले आहे आणि त्याचे बीज तिसऱ्याच्याच घरातले आहे. ‘गायकाचे अंतरंग’ ही आपणच गायकावर केलेली प्रतिष्ठापना आहे. संहिता आणि प्रयोग हा भेद आपण नाटकाला देतो, तो गाण्याला नाकारण्याचे कारण नाही.

एका प्रसंगी मात्र आम्ही सावकाश बोलू. त्याच सप्टेंबरच्या 5 तारखेला ‘लिंकिन पार्क’ या वृंदाने एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेसह पुनरागमन केले. त्यांचे पूर्वीचे गायक चेस्टर बेनिंग्टन यांनी 2017 मध्ये आत्महत्या केली होती. त्यांच्या वेदनेत स्वतःची वेदना ऐकलेल्या श्रोत्यांना ती गाणी दुसऱ्या तोंडी ऐकवेनात, हे समजण्यासारखे आहे. (आर्मस्ट्राँग यांच्यावरचे काही आक्षेप गाण्याबाहेरचे होते, त्यांचा निवाडा येथे नको.) शोकाला आम्ही व्यामोह म्हणणार नाही. परंतु शोक हा ‘मला ऐकवत नाही’ एवढेच म्हणू शकतो. ‘तिने गाऊ नये’ हा हुकूम शोकातून निघत नाही; तो मालकीच्या भावनेतून निघतो.

मालकीचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता बोलू. मार्च 2020 मध्ये शॉन आणि केन यांनी स्थापनेपासूनचे बासवादक रॉस व्हॅलरी आणि ‘एस्केप’वरचे तालवादक स्टीव्ह स्मिथ यांना वृंदातून काढून त्यांच्यावर दावा लावला. वाद होता ‘जर्नी’ या नावावरील हक्काचा. 2021 मध्ये तो तडजोडीने मिटला. रिओच्या मंचावर 1973 च्या संचातले एकटे शॉन उरले होते. मूळपणाची चाड खरीच असती, तर तिचा कडेलोट येथे व्हावयास हवा होता. नाव कोणाच्या ताब्यात, नफा कोणाचा, नवागताची जागा भागीदाराची की नोकराची, हे प्रश्न खरे आहेत. त्यांकडे पाहण्यास कष्ट पडतात. गायकावर दगड मारण्यास पडत नाहीत.

2017 मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने ‘जर्नी’चा सन्मान केला. सन्मानितांच्या यादीत पेरी होते, रोली होते. दशकभर गात असलेले पिनेडा नव्हते. पेरी त्या रात्री वृंदाबरोबर गायले नाहीत, पण भाषणात त्यांनी पिनेडांच्या जीव ओतून गाण्याचा नाव घेऊन गौरव केला. नक्कल झाल्याची फिर्याद करण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला असेल तर तो पेरींना होता, आणि त्यांना ती करावीशी वाटली नाही. चाहत्यांनी त्यांच्या नावाने चालवलेला खटला म्हणूनच फिर्यादीविना चाललेला आहे.

समीक्षेच्या विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा साधी आहे. स्वर कोठे उतरला ते सांगा, श्वास कोठे अपुरा पडला ते सांगा, गाण्याचा अर्थ कोठे निसटला ते सांगा. निष्ठुरपणे सांगितलेत तरी चालेल. पण गाणारा अमुक माणूस नाही, हा त्याच्या गाण्यातला दोष म्हणून नोंदवू नका. आपले तारुण्य परत येत नाही, याचा राग मनिलाच्या रस्त्यावर वाढलेल्या एका गायकावर काढण्याचा हक्क कोणत्याही तिकिटाने मिळत नाही.