पॅनलला अनुदान, छपराला नाही

महावितरणच्या बिलावर एक तारीख छापलेली असते. या तारखेपर्यंत भरल्यास इतके रुपये, त्यानंतर तितके. तत्पर भरण्याची ही सवलत 1 टक्का. मोबाइलवरून भरलं तर आणखी पाव टक्का, आणि कागदी बिल नको म्हणून कळवलं की ‘गो ग्रीन’चे 120 रुपये एकरकमी वजा होतात. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी, मुतखेल, रतनवाडीकडच्या घरात महिन्याला साठ-सत्तर युनिट जळत असतील, तर ही रक्कम चहासाखरेपुरतीच. तरी ती हक्काची आहे, सोडू नये.

खरा पैसा छपरावर आहे. 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार देतं, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार. त्यावर 2025मध्ये राज्याची ‘स्मार्ट’ योजना आली. ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी. एक किलोवॅटचा खर्च साधारण 50 हजार. त्यात केंद्राचे 30 हजार आणि राज्याचे दारिद्र्यरेषेखालच्यांना 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15 हजार, इतरांना 10 हजार. अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर वस्ती मोठी. अशा घराने स्वतःचे पाच हजार घातले की महिन्याला सुमारे 120 युनिट देणारा संच छपरावर बसतो, आणि त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे. इतकं स्वस्त याआधी कधी नव्हतं.

अडतं कुठे? बिलावरच्या नावाशी. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, मीटर अजून त्यांच्याच नावावर. अर्ज नातवाचा, बँक खातं नातवाचं, बिल आजोबांचं. अर्ज तिथेच थांबतो. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडून नाव बदलून घेणं हे पहिलं काम. दुसरी अडचण छपराची. पॅनलला भक्कम आधार आणि उघडी जागा लागते. जुन्या कौलारू घराच्या वाशांना तो भार सोसत नाही. ज्यांनी खोल्या पर्यटकांना देऊन व्यावसायिक जोडणी घेतली आहे, त्यांना तर हे अनुदान लागूच नाही. ते फक्त घरगुती जोडणीला.

मग छपराचं काय?

या डोंगरात पूर्वी भिंत म्हणजे कारवीचा कूड. कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा, आणि माथ्यावर गवताचं जाड शाकार. उन्हाळ्यात आत गार, पावसात उबदार. शाकार वरचेवर बदलावं लागे, गळतीचा ताप असे, म्हणून स्लॅबचं घरकुल आलं तेव्हा बायाबापड्यांना हायसं वाटलं आणि ते योग्यच होतं. पण 269 चौरस फुटांच्या त्या घरकुलाचा स्लॅब एप्रिलमध्ये दिवसभर तापतो आणि रात्री आत उष्णता सोडत राहतो. जुलैत त्याच भिंतींना ओल येते. पंखा मग रात्रभर फिरतो.

या स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यायला महावितरणच्या बिलात सवलत नाही. मुंबईत वीज कंपन्यांनी जुना पंखा, फ्रिज, एसी देऊन पंचतारांकित नवा सवलतीत घेण्याच्या योजना राबवल्या, तिथेही भर यंत्रांवरच. घरांच्या भिंती आणि छपरं किती उष्णता आत घेतात, याची मर्यादा ठरवणारी ‘इको निवास संहिता’ केंद्राने 2018मध्ये आणली. ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी होती. घरकुल तिच्या हिशेबातच नव्हतं. तेलंगणाने 2023मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरण केलं. महाराष्ट्राने घरकुलाच्या अनुदानातच छपराच्या पांढऱ्या लेपाचे पैसे जोडायला हवेत. वीज बनवायला पैसे आणि वाचवायला काही नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

तोवर गावातल्या गावात होण्याजोगं बरंच आहे. गच्चीला दरवर्षी होळीच्या सुमारास चुन्याचे दोन हात दिले की खोली दोन-तीन अंशांनी उतरते. जुना पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसेक. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिटांची बचत. शंभर युनिटांपुढे दर जवळपास दुपटीने चढतो, त्यामुळे कडेवर असलेल्या घराला ही साडेतेरा युनिटं फार मोलाची. शिवाय पॅनल बसलं की त्याच्या सावलीतला स्लॅबही कमी तापतो.

भंडारदऱ्याबद्दल हमखास विचारतात, इथे चार महिने सूर्य दिसत नाही, सौर घेऊन करायचं काय? नेट मीटरचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. एप्रिल-मेमध्ये जास्तीची झालेली युनिटं खात्यावर जमा राहतात आणि आषाढ-श्रावणात वापरता येतात. म्हणून संच मार्चअखेरीस चालू झालेला बरा, आणि मीटरवरचं नाव बदलण्याचा अर्ज दिवाळीच्या आधी द्यायला हवा.