वक्र भिंग आणि सरळ साक्ष

स्केटबोर्डिंगच्या छायाचित्रणाविषयीचे कोणतेही मार्गदर्शन चाळले तरी एक सल्ला हमखास सापडतो. फिशआय लेन्स लावा, कॅमेरा जमिनीलगत धरा, खेळाडूच्या जितके जवळ जाता येईल तितके जा. चित्र ‘जिवंत’ होईल. याविरुद्ध शुद्धतावाद्यांचा आक्षेपही ठरलेला आहे: ही लेन्स म्हणजे लबाडी, गुडघाभर उडी ती पुरुषभर करून दाखवते. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि अलंकार शिकवताना आपण जी चूक करतो तीच ही चूक आहे.

आधी शुद्धतावाद्यांविषयी. ‘फिशआय’ हा शब्द रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ साली रूढ केला. पाण्याखालच्या माशाला वरचे जग कसे दिसत असेल, हा त्याचा प्रश्न होता. १९२४ साली रॉबिन हिलने अशीच लेन्स संपूर्ण आकाशातील ढग एका चित्रात टिपण्यासाठी योजली. म्हणजे हिचा जन्म फसवणुकीसाठी नव्हे, निरीक्षणासाठी झाला. शिवाय ‘सरळ’ लेन्स तरी कुठे निर्दोष आहे? अतिशय रुंद कोनाची साधी लेन्स रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत म्हणून कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोके ताणते. फिशआय रेषा वाकवते, पण त्या माणसाचा आकार बराचसा सांभाळते. गोल जग सपाट कागदावर आणताना काहीतरी वाकणारच. काय वाकवायचे, एवढीच निवड आपल्या हाती असते.

भामहाने वक्रोक्तीशिवाय अलंकार संभवत नाही असे म्हटले आणि सरळ कथनाला ‘वार्ता’ ठरवले. कुंतकाने तर वक्रोक्तीलाच काव्याचे जीवित मानले. पण वक्रता म्हणजे वाटेल तसे वाकवणे, असे या दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही. नेमके हेच सल्लागार मंडळी विसरतात.

कॅलिफोर्नियात १९७६-७७च्या दुष्काळात घरोघरचे जलतरण तलाव कोरडे पडले आणि मुले त्यांच्या गोलाकार भिंतींवर स्केटबोर्ड चालवू लागली. अशा खळग्यात उतरलेल्या छायाचित्रकाराला मागे सरकायला जागा नसते. हाताच्या अंतरावरून जाणारे शरीर आणि त्याला वर फेकणारी अख्खी भिंत एकत्र दाखवायची, तर फिशआयशिवाय पर्याय थोडेच. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर पंधरा-सोळा मिलिमीटरची फिशआय कर्णात १८० अंश सामावते. इथे वक्रता विषयातूनच आलेली आहे. शिवाय ती छायाचित्रकाराकडून धोक्याचा वाटाही मागते. फळी निसटली तर ती कॅमेऱ्यावरच येते.

हीच लेन्स पायऱ्यांपाशी आणून, केवळ उंची फुगवण्यासाठी आकाशाकडे रोखली, की काय होते? जमीन चौकटीबाहेर जाते. खेळाडू कोठून उडाला, काय ओलांडले, कोठे उतरणार, यांपैकी काहीच उरत नाही. स्केटबोर्डिंगमध्ये हवेत असणे ही अर्धीच गोष्ट आहे. खरी कसोटी उतरण्याची. उतरण्याची जागा दडवणारे चित्र खेळाडूचा गौरव करत नाही, उलट ज्या अंतरासाठी त्याने गुडघे फोडून घेतले ते अंतरच पुसून टाकते. ही लबाडी लेन्सची नव्हे, ती रोखणाऱ्याची.

याच्या उलट, जे. ग्रँट ब्रिटनचे १९८७ सालचे ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’चे मुखपृष्ठ आठवा. टॉड स्वँक एका पायाने जमीन ढकलत नुसता पुढे चालला आहे. उडी नाही, कसरत नाही, वाकलेले क्षितिज नाही. तरीही गती काय असते ते त्या चित्रात कळते. म्हणजे ‘लेन्स लावा, चित्र सुधारेल’ हे सूत्र ‘उपमा घाला, कविता होईल’ या सूत्राइतकेच पोकळ आहे.

म्हणून फिशआय जरूर वापरावी. तिच्या केंद्रातून जाणारी रेषा सरळच राहते, हे लक्षात ठेवून जे मोजमापाचे आहे ते मध्याशी ठेवावे आणि कडांना खुशाल वाकू द्यावे. पायरीची धार आणि उतरण्याची जमीन चौकटीत असावी. मग अतिशयोक्तीही साक्ष देते.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना अलंकार ओळखायला लावतो आणि गुण देतो. त्या अलंकाराने काय दाखवले आणि काय झाकले, हे मात्र क्वचितच विचारतो. ते विचारले पाहिजे.