मोजपट्टी कोणाच्या हाती?

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या दोन शहरांत त्यानंतर जो दुसरा झगडा सुरू झाला आणि जो अद्याप मिटलेला नाही, त्याची माहिती फार थोड्यांना आहे. कोणाच्या शरीरात किती किरणोत्सर्ग गेला, तो कसा मोजायचा, आणि ज्याचे मोजमाप कोणी घेतलेच नाही त्याला बाँबचा बळी मानायचे की नाही, असा हा झगडा आहे. वरवर पाहता प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. मुळाशी तो सत्तेचा आहे.

स्फोटासरशी गॅमा किरणांचा व न्यूट्रॉनांचा जो मारा होतो तो मिनिटभरात संपतो. त्यानंतर उरतो तो अवशिष्ट किरणोत्सर्ग. तो दोन वाटांनी येतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने माती, विटा, लोखंड हेच किरणोत्सारी बनतात. आणि बाँबमधील विखंडनाची राख वाऱ्याबरोबर जाऊन पावसातून खाली उतरते. हिरोशिमाच्या पश्चिमेस कोई-ताकासू भागात आणि नागासाकीच्या पूर्वेस निशियामा भागात ती विशेष उतरली. मातीत निर्माण होणाऱ्या किरणोत्सारी मँगनीजचे अर्धायुष्य सुमारे अडीच तासांचे, तर सोडियमचे पंधरा तासांचे. म्हणजे पहिल्या दोनचार दिवसांत जे मोजले गेले नाही, ते पुढे थेट मोजता येणे शक्यच नव्हते. आणि नेमक्या त्याच दिवसांत आप्तांचा शोध घेणारे, प्रेते उचलणारे, ढिगारे उपसणारे हजारो लोक शहरात शिरत होते.

जपानी शास्त्रज्ञांनी धडपड केली नाही असे नाही. निशिना ८ ऑगस्टलाच हिरोशिमात पोहोचले. १० ऑगस्टला ओसाका व क्योतो विद्यापीठांच्या पथकांनी पाहणी करून मातीचे नमुने घेतले. पण १७ सप्टेंबरला प्रचंड चक्रीवादळ आले. ओनो येथे दरड कोसळून क्योतो विद्यापीठाच्या पथकातील ११ जण मृत्युमुखी पडले, आणि त्या पुराने वरची मातीही वाहून नेली. अमेरिकी पथकांची तपशीलवार मोजणी बव्हंशी त्यानंतरची आहे.

निसर्गाने जे केले त्याला इलाज नव्हता. सत्तेने जे केले ते मात्र हेतुपूर्वक होते. सप्टेंबरच्या आरंभी विल्फ्रेड बर्चेट या पत्रकाराने, अंगावर जखम नसलेली माणसेही अनाकलनीय आजाराने मरत असल्याची बातमी लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये दिली. अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी ती खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्याच महिन्यात जपानी वृत्तपत्रांवर निर्बंध लादण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये जपानी प्रयोगशाळांतील सायक्लोट्रॉन यंत्रे मोडून टाकण्यात आली.

पुढे १९४७ पासून अमेरिकेने स्थापलेल्या आयोगाने बाँबग्रस्तांची तपासणी सुरू केली. तपासणी, उपचार नव्हे, ही त्या लोकांची कायमची व्यथा राहिली. सुमारे १ लाख २० हजार माणसांचा हा अभ्यास १९७५ पासून जपान-अमेरिका संयुक्त संस्थेकडे आहे. त्याचे वैज्ञानिक मोल मोठे आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. पण त्यात प्रत्येकाची मात्रा ठरविली जाते ती स्फोटाच्या क्षणी तो किती अंतरावर व कशाच्या आडोशाला होता यावरून. अवशिष्ट किरणोत्सर्ग त्या वैयक्तिक हिशेबात धरलेला नाही. खुद्द तो हिशेबही स्थिर नव्हता. १९६५ च्या पद्धतीतील हिरोशिमाचे न्यूट्रॉनांचे आकडे १९८६ च्या पद्धतीत सुमारे दशांशावर आले. २००२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. स्वतःची चूक दुरुस्त करणे हे विज्ञानाचे भूषणच आहे. परंतु असा दुरुस्त होत जाणारा आकडा शासन जेव्हा अंतिम सत्य म्हणून आजारी माणसाच्या तोंडावर फेकते, तेव्हा तो विज्ञान राहत नाही, फर्मान बनतो.

‘काळ्या पावसा’ची कहाणी याची साक्ष आहे. १९७६ मध्ये जपान सरकारने मदतीसाठी क्षेत्र आखले ते सुमारे १९ किलोमीटर लांब व ११ किलोमीटर रुंद. आधार होता १९४५ मध्ये हवामानखात्याच्या लोकांनी तुटपुंज्या साधनांनी केलेल्या पाहणीचा. रेषेच्या अलीकडचा शेतकरी बाधित, पलीकडचा निरोगी! पाऊस त्याहून फार मोठ्या प्रदेशावर पडल्याचे हवामानशास्त्रज्ञ मासुदा यांनी १९८० च्या दशकात लोकांच्या साक्षी गोळा करून दाखविले, तरी रेषा हलली नाही. अखेर जुलै २०२० मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने आणि १४ जुलै २०२१ रोजी उच्च न्यायालयाने ८४ फिर्यादींना बाँबग्रस्त मानले. दूषित पाणी व भाजीपाला यांतून किरणोत्सारी द्रव्य शरीरात जाण्याचा धोका उच्च न्यायालयाने मान्य केला. सरकारने पुढे अपील केले नाही. तरीही नागासाकीत सप्टेंबर २०२४ च्या निकालात ४४ पैकी १५ जणांनाच मान्यता मिळाली. झगडा संपलेला नाही तो असा.

मोजमापाशिवाय मान्यता दिली तर कोणीही दावा करील, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक आजार बाँबमुळेच झाला असे आम्हीही म्हणत नाही. पण गावकऱ्यांची साक्ष, आजारांचा इतिहास, पावसाचा माग हाही पुरावाच आहे. ज्यांच्या हाती यंत्रे होती त्यांनी मोजले नाही किंवा मोजू दिले नाही. त्या अभावाचा लाभ त्यांनाच मिळावा आणि पुराव्याचे ओझे पीडितावर पडावे, हा न्याय नव्हे.

हा प्रश्न केवळ जपानचा नाही. जगभरच्या अणुउद्योगातील कामगारांसाठी किरणोत्सर्गाच्या ज्या मर्यादा ठरविल्या जातात, त्यांचा प्रमुख आधार याच दोन शहरांतील अभ्यास आहे. आपल्याकडील वर्षाला ३० आणि पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट ही मर्यादाही याच परंपरेतली. म्हणून तारापूरच्या कामगारालाही हिरोशिमाचा धडा लागू आहे. मर्यादा कागदावर असून भागत नाही. ठेकेदाराच्या हाताखाली चार महिने राबून गावी परतणाऱ्या मजुराच्या मात्रेची नोंद त्याच्या हाती असली पाहिजे, ती त्याच्या संघटनेला पाहता आली पाहिजे आणि तो गेल्यावरही वर्षानुवर्षे जतन झाली पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी वेतन आणि बोनसच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडावी.

२०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक जपानी बाँबग्रस्तांच्या संघटनेला मिळाले. १९५६ पासून ती माणसे आपली हकिगत जगापुढे मांडीत आली आहेत. आज ती थकली आहेत, रोज कमी होत आहेत. त्यांच्या शरीरांवर जे लिहिले गेले ते आकड्यांच्या अभावी पुसले जाऊ नये, ही जबाबदारी आता त्यांची एकट्यांची नाही. अण्वस्त्रांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची ती आहे.